सतरा नावं, अठरा भांडी

आर्लिन जेरेचेक गेली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या घरी अकरा दिवसांत सतरा बायकांनी जेवण पोचवलं. मिसिसिपीकाठच्या आमच्या विनोना गावात कुणी गेलं की तोंडाने सांत्वन करायची फारशी पद्धत नाही. तोंडाने म्हणायचं ते "कळलं हो" एवढंच. बाकी सगळं हॉटडिशने सांगायचं. खिमा, बटाटे, डब्यातलं मश्रूमचं सूप, वरून चीज, आणि ओव्हनमधून निघालेलं ते वाफाळतं भांडं टॉवेलात गुंडाळून दारात हजर. नॉर्बर्ट जेरेचेकच्या घरात आयुष्यात एवढं अन्न कधी आलं नव्हतं आणि त्याची भूक एवढी कधी मेली नव्हती.

प्रत्येक भांड्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर मालकिणीचं नाव होतं. आमच्याकडे हे लहान मुलांनाही ठाऊक असतं. पट्टी बघायची, भांडं घासायचं आणि नेऊन द्यायचं. रिकामं मात्र द्यायचं नाही, आत काहीतरी घालून द्यायचं. नॉर्बर्टला हे सगळं माहीत होतं. पण पन्नास वर्षं हे खातं आर्लिनकडे होतं आणि त्याने स्वतः अडतीस वर्षं साखळ्यांच्या कारखान्यात तयार माल तपासायचं काम केलं होतं. साखळीच्या कडीला मातीचा कण दिसला तरी अख्खा गठ्ठा परत पाठवणारा माणूस तो. बुडाला पट्टी चिकटलेलं भांडं त्याच्या लेखी धुतलेलंच नव्हतं.

म्हणून एका रविवारी त्याने टबात कडकडीत पाणी ओतलं, भांडी उपडी घातली आणि पातळ पात्याने एकेक पट्टी अलगद सोडवली. तो काही मूर्ख नव्हता. पट्ट्या हरवू नयेत म्हणून त्याने त्या फ्रिजच्या दारावर एकाखाली एक नीट लावून ठेवल्या. मग भांडी घासली, पुसली, टेबलावर मांडली, दोन पावलं मागे सरकून समाधानाने पाहिलं आणि तो मटकन खुर्चीत बसला. भांडी चकाचक होती, नावंही सगळी शाबूत होती, फक्त दोघांची ताटातूट झाली होती.

थोड्या वेळाने त्याने मोजलं. नावं सतरा होती. भांडी अठरा होती. पुन्हा मोजलं तरी अठराच.

आता तुम्ही म्हणाल, फोन करून विचारायचं. तुम्ही विनोनात राहत नाही म्हणून म्हणता. जिने दुःखाच्या वेळी तुम्हांला घास भरवला तिला "बाई, तुमचं भांडं कुठलं?" असं विचारायचं म्हणजे "तुम्ही काय आणलं होतं तिकडे माझं लक्षच नव्हतं" असं तिच्या तोंडावर सांगण्यासारखं आहे. त्यापेक्षा आमचा माणूस जानेवारीत मिसिसिपीच्या बर्फाला भोक पाडून आत उडी घेईल.

तेव्हा नॉर्बर्टने तर्काने काम करायचं ठरवलं. माल तपासनीसाला ते जमायला हवं होतं. मार्ज पेलोव्स्कीला सात मुलं, म्हणजे सर्वांत मोठं भांडं तिचं. शेजारची डोलोरेस कुकोव्स्की नीटनेटकी, तिचं काचेचं असणार. आयरीनला रंगांची हौस, तिला पिवळं. असं करत सोळा जणींची सोय लागली. उरली ल्युसील हार्टमन आणि उरली दोन भांडी: एक साधं चौकोनी आणि एक निळ्या इनॅमलचं, चांगलं वजनदार, एका बाजूचा कान तारेने बांधलेला. हे निळं भांडं आपण उभ्या जन्मात पाहिलेलं नाही याबद्दल नॉर्बर्टची खात्री होती. ल्युसीलने बोनिफेस चर्चचं स्वयंपाकघर तीस-बत्तीस वर्षं चालवलेलं, बाई मनगटाने दणकट. दोन भांडी आणून एकावर पट्टी लावायला विसरली असेल, असं ठरवून त्याने दोन्ही तिच्या नावावर टाकली.

भांड्यांत काय घालायचं हा प्रश्न सोपा होता, कारण नॉर्बर्टला अंडी उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. तो गाडी घेऊन नदीकाठाने ला क्रेसेंटला गेला आणि बागेतून सफरचंदांच्या पाच पिशव्या घेऊन आला.

वाटप तीन दिवस चाललं. भांडी द्यायला नव्हे, निघायला वेळ लागत होता. आमच्याकडे पाहुण्याने मांडीवर थाप मारून "चला मग" म्हटलं की निघायला सुरुवात होते, आणि मग दिवाणखान्यात पाव तास, दारात पाव तास, पायऱ्यांवर थोडं हवामान, शेवटी गाडीच्या काचेतून मुलांची चौकशी. सतरा घरी हे सगळं करून नॉर्बर्टची मांडी दुखायला लागली.

डोलोरेस त्याच्याबरोबर शाळेत होती, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून झाली.

"अरे नॉर्ब, एवढी काय घाई होती?"

"घाई कसली, पंधरा दिवस झाले. तुझंच ना हे?"

डोलोरेसने काचेचं भांडं हातात घेतलं. तिचं भांडं ॲल्युमिनियमचं होतं आणि त्याला झाकण होतं. तिने नॉर्बर्टचा चेहरा पाहिला, इस्त्री न केलेला शर्ट पाहिला, एकेक पुसून लावलेली सफरचंदं पाहिली.

"माझंच की," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं असणार?"

सोळा दारांत हेच झालं. सोळा बायकांनी दुसऱ्याचं भांडं छातीशी धरून "अगदी वेळेवर आणलंत" म्हटलं. फक्त ल्युसीलकडे जरा निराळं घडलं. तिने निळं भांडं दोन्ही हातांनी घेतलं, त्याच्या तार बांधलेल्या कानावरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता आत निघून गेली. पायऱ्यांवर आलीच नाही. नॉर्बर्ट दोन मिनिटांत गाडीत होता. ओव्हनमध्ये काहीतरी करपत असेल, असं त्याला वाटलं.

इथून पुढचं त्याला कळलं नाही, पण गावाला कळलं. काचेचं भांडं आयरीनचं आहे हे डोलोरेसने बघताक्षणी ओळखलं होतं. पण आयरीनकडे ते रिकामं कसं न्यायचं? तिने त्यात दालचिनीचे रोल घातले. आयरीनकडे मार्जचं पिवळं भांडं आलेलं, तिने त्यात केक भाजला. मार्जकडे आलेलं भांडं तिला ओळखू येईना, तेव्हा तिने ते अंदाजाने एका जर्मन बाईकडे नेलं. ते तिचं नव्हतं, पण तीही काही बोलली नाही. तिने त्यात बटाट्याचं सॅलड भरून पुढे पाठवलं. प्रत्येक भांडं आपलं घर शोधत फिरू लागलं आणि प्रत्येक मुक्कामी भरून निघू लागलं. दुपारी चारच्या सुमाराला हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेतलेल्या बायका एकमेकींना रस्त्यात भेटत आणि "सहज निघाले होते" म्हणत. नवऱ्यांचे पट्टे एकेक भोक सैल झाले.

यात एक गंमत होती. एकतीस वर्षांपूर्वी पोलिश लोकांचं सेंट हेडविग चर्च बंद झालं आणि बिशपने सगळ्यांना जर्मनांच्या सेंट बोनिफेसमध्ये पाठवलं. तेव्हापासून जेरेचेक-कुकोव्स्कींसारखे पोलिश डावीकडे बसतात, हार्टमनसारखे जर्मन उजवीकडे. भांडण कधी झालं नाही. आमच्याकडे भांडण होत नाही, नुसतं नमस्कार-चमत्कार करून एकमेकांपासून दूर बसतात. एकतीस वर्षांत कुठल्या पोलिश बाईने जर्मन बाईच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं असेल तर शपथ. आता तीन आठवड्यांत सगळ्या जणी सगळ्यांकडे जाऊन आल्या होत्या.

फादर मायकेलना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण पोलिश रोल आणि जर्मन केक दोन्ही त्यांच्यापर्यंत पोचले होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ते प्रवचनात म्हणाले, "या गावात काहीतरी पालटलंय. दारं उघडतायत. हे कुणी सुरू केलं मला माहीत नाही, पण देवाला माहीत आहे."

सतरा बायकांनी माना खाली घातल्या. नॉर्बर्टने मात्र मान वर ठेवून मनापासून डोलावली. आर्लिनच्या पश्चात एवढं मोठं काम त्याने एकट्याने पार पाडलं होतं. अठरापैकी अठरा भांडी बिनचूक आणि कुठूनही एक तक्रार नाही. कारखान्यात असा महिना त्याने कधी पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी ओमाहाहून मुलीचा, पॅटीचा, फोन आला.

"बाबा, थँक्सगिव्हिंगला मी येतेय ते पक्कं. तू टर्कीची काळजी करू नकोस, मी आणते. पण कोबीच्या गुंडाळ्या तिथेच करायच्या."

"करूया की. कोबी आणून ठेवतो."

"आणि आईचं भांडं वर काढून ठेव. गुंडाळ्या त्यातच व्हायला हव्यात. दुसऱ्या भांड्यात केल्या तर..." पॅटी थांबली.  "मला जमणार नाही बाबा. तिच्याशिवायचा पहिलाच सण आहे. निदान भांडं तरी तिचं असू दे."

"असू दे की. कुठलं भांडं?"

"कुठलं काय? ते निळं. ज्याचा कान तारेने बांधलाय ते."

नॉर्बर्टने फोन ठेवला. ते भांडं त्याच्या टेबलावर दर सणाला येत होतं. पण ते नेहमी भरलेलं असायचं. काठापर्यंत खिमा भरलेल्या कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या, त्यावर टोमॅटोचा रस्सा. रिकामं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. रिकामं झाल्यावर ते आर्लिन घेऊन जायची.

तो तसाच चपलांवर शेजारी डोलोरेसकडे गेला.

"डोलोरेस, ते निळं भांडं आमच्या कपाटातून बाहेर कसं आलं?"

"मी काढलं," डोलोरेस म्हणाली. "अंत्यविधीच्या दिवशी मक्याचं काहीतरी गरम करायला मोठं भांडं हवं होतं, खालच्या कप्प्यात दिसलं. का रे?"

"मी ते ल्युसीलला देऊन टाकलं."

"अरे देवा." ती दारातून बाजूला झाली. "ये आत. नॉर्ब, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"बोल."

"तू मला आयरीनचं भांडं दिलंस."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बायको जाऊन पंधरा दिवस झालेल्या माणसाला काय बोलायचं? आणि मग आयरीन म्हणाली की तिला मार्जचं मिळालं. मार्जला..."

"अठरापैकी किती बरोबर होती?"

डोलोरेसने जरा आढेवेढे घेतले. "ल्युसीलचं ते चौकोनी. ते तिचंच होतं म्हणतात."

नॉर्बर्ट सोफ्यावर टेकला. फादरच्या प्रवचनात आपण मान डोलावली होती हे आठवून त्याचे कान तापले. पण ती लाज नंतर बघता आली असती. बाकीची भांडी फिरत फिरत घरी पोचली होती. एकच भांडं चुकीच्या घरी होतं, आणि नेमकं तेच पॅटीला हवं होतं.

"मागून आण जाऊन," डोलोरेस म्हणाली.

"दिलेलं भांडं परत मागू?"

डोलोरेसलाही तसं कुणी केलेलं आठवेना.

दोन दिवस नॉर्बर्टने ल्युसीलसमोर काय बोलायचं याची तालीम केली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाव किलो कॉफी घेऊन तो तिच्याकडे गेला. ल्युसीलने दार उघडलं, आणि तो तोंड उघडायच्या आत त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. निळं भांडं खिडकीत मधोमध ठेवलेलं होतं. आत त्याचीच सफरचंदं होती, जरा सुरकुतलेली.

"बसा नॉर्बर्ट. तुम्ही याल हे मला माहीत होतं. मीच यायला हवं होतं, पण त्या दिवशी मला बोलताच येईना."

"ल्युसील, त्या भांड्याबद्दलच..."

"माझ्या आईचं आहे ते. कानाला तार बांधलीय ना, ती माझ्या वडिलांनी. एकतीस वर्षं वाट पाहिली मी."

नॉर्बर्टची तालीम तिथेच संपली.

"तुमचं हेडविग बंद झालं त्या वर्षीचं पहिलं एकत्र जेवण तुम्हांला आठवतं? तुमच्या बायका कोट न काढता बसल्या होत्या. आमच्या बायका ओट्यापासून हलल्या नाहीत. एकटी आर्लिन आत आली, बाह्या वर केल्या आणि माझ्याबरोबर सगळी भांडी घासली. मला इतकं बरं वाटलं, उरलेलं मांस मी या भांड्यात भरून तिच्या हातात दिलं. पुढच्या रविवारी आणेल म्हटलं."

"आणि मग?"

"विसरली असेल. पहिला महिना मी मागितलं नाही, बाई नवीन आहे म्हणून. मग मागितलं असतं तर जर्मन बाईने पोलिश बाईला चोर म्हटलं असं झालं असतं. तेव्हा तुमची-आमची माणसं एका टेबलाला बसत नव्हती हो. एका भांड्यासाठी पुन्हा सगळं मोडायचं? वर्षानंतर मागायची मलाच लाज वाटली. आणि तिला द्यायची वाटली असणार. दर नाताळला मला कोबीच्या गुंडाळ्या पाठवायची. चांदीच्या कागदात. भांड्यात कधी नाही."

नॉर्बर्टला एकाएकी कितीतरी गोष्टी आठवल्या. ल्युसील समोरून आली की आर्लिनला पर्समध्ये काहीतरी शोधायचं असे. चर्चच्या जेवणात ल्युसील वाढत असली की आर्लिन दुसऱ्या रांगेत जाई. आपल्या बायकोला जर्मन आवडत नाहीत, असं तो एकतीस वर्षं समजून होता. बिचारी शरमेने पळत होती.

"शेवटी तिने तुम्हांला सांगितलं ना?" ल्युसीलने विचारलं. तिचे डोळे भरले होते. "जाता जाता म्हणाली असेल, हे ल्युसीलचं आहे, तिला दे. हो ना?"

आर्लिन शेवटच्या दिवसांत फक्त पाणी मागत होती आणि नॉर्बर्टचा हात. भांड्याचं नाव निघालं नव्हतं. नॉर्बर्टने सफरचंदांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "सगळ्यात आधी तेच सांगितलं."

ल्युसीलने डोळे पुसले, कॉफी केली, दोघांनी प्यायली. हवामान झालं. नदीचं पाणी झालं. नॉर्बर्टने मांडीवर थाप मारून "चला मग" म्हटलं आणि तो उठला. दारात पाव तास उभा राहिला. पायऱ्यांवर उभा राहिला. गाडीपर्यंत गेला, दार उघडलं, बंद केलं आणि परत पायऱ्या चढून आला.

"ल्युसील, पॅटी येतेय पुढच्या बुधवारी. तिला गुरुवारच्या सणाला आईसारख्या गुंडाळ्या करायच्यात, त्याच भांड्यात. तिला यातलं काही माहीत नाही. एका दिवसापुरतं मिळालं तर शुक्रवारी सकाळी तुमच्या दारात असेल. माझा शब्द."

"नाही," ल्युसील म्हणाली.

नॉर्बर्टला आधी ऐकू आलं की नाही तेच कळेना. चौऱ्याहत्तर वर्षांत कुठल्याही चर्चच्या कुठल्याही बाईने त्याला हा शब्द ऐकवला नव्हता. ल्युसीललाही बहुधा तो नवाच असावा, कारण म्हणून झाल्यावर तिचे गाल लाल झाले.

"नाही," तिने पुन्हा म्हणून पाहिलं. "एकदा दिलं तेवढं पुरे. भांडं आता एकटं कुठे जाणार नाही. जेवता किती वाजता?"

"एक वाजता."

"गुंडाळ्या शिजायला अडीच तास, त्याआधी भरायला तास. म्हणजे मला नऊला यायला हवं. मी भांडं घेऊन येईन, जेवण होईपर्यंत थांबेन आणि जाताना बरोबर घेऊन जाईन. मुलीला सांगा, कोबी आदल्या दिवशी उकडून ठेव. आणि मला तशीही गुरुवारी एकटीलाच जेवायचं होतं."

घरी येऊन नॉर्बर्टने पॅटीला फोन लावला.

"मिळालं का रे भांडं?"

"मिळालं. गुरुवारी सकाळी नऊला येईल."

"येईल म्हणजे?"

"म्हणजे एक बाई घेऊन येणारेत. ल्युसील हार्टमन. जेवायलाही थांबतील. दिवसभर."



"बाबा," पॅटी हळू म्हणाली, "आईचं भांडं त्या बाईच्या घरी कसं गेलं?"

नॉर्बर्टने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर आधी पट्ट्यांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि शेवटी एकतीस वर्षांवर येऊन थांबावं लागलं असतं. आर्लिनने दुसऱ्याचं भांडं ठेवून घेतलं होतं, हे तिच्या मुलीला कुणाकडून तरी कळणार असेल तर ते निदान तिच्या नवऱ्याकडून नको.

"मी नेऊन दिलं होतं," तो म्हणाला. "सफरचंदं घालून."

"बाबा, आईला जाऊन सहा आठवडे झालेत."

"माहीत आहे मला."

"आणि तू बायकांना सफरचंदं वाटत फिरतोयस?"

"सतरा जणींना," नॉर्बर्ट म्हणाला. "गुरुवारी एकच येणार आहे. तिच्याशी नीट वाग म्हणजे झालं."